ताशी ऐंशीनंतरची थरथर

कळंबोली मागे पडली की एक्स्प्रेस-वे सपाट पसरतो. तिथं आमची गाडी ऐंशीपर्यंत अगदी शहाण्यासारखी चालते. पंच्याऐंशीला स्टीअरिंगवरच्या बोटांना काहीतरी जाणवायला लागतं. नव्वदला ते डोळ्यांना दिसतं. पंच्याण्णवला डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायला लागतो. आणि एकशे पाचच्या पुढे नेली तर सगळं पुन्हा गुपचूप.

मागच्या डिसेंबरात साताऱ्याला आत्याकडे जाताना मला हे पहिल्यांदा कळलं. शेजारी बाबा बसले होते. वय वर्षं ७४, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर डब्याची पिशवी.

"बाबा, गाडी थरथरतेय."

"सिमेंटचा रस्ता आहे. थरथरणारच."

"सगळ्याच गाड्या थरथरतायत का मग?"

"जरा पळव. शंभरच्या वर गेली की जाते."

मर्यादाच शंभरची आहे, हे मी त्यांना सांगितलं. "जाते" हे तुम्हाला कसं माहीत, हे विचारायचं मात्र राहून गेलं. तेवढ्यात त्यांनी डबा उघडला होता आणि धपाट्यांचा वास आल्यावर आमच्या घरात चौकशी पुढे सरकत नाही.

त्या थरथरीचा छडा लागायला मला दोन महिने लागले. दरम्यान मी बरंच वाचलं, तीन गॅरेजं पाहिली आणि बाबांच्या जुन्या डायऱ्या उपसल्या. गाडी का थरथरते याला एक उत्तर असतं आणि गाडी थरथरते हे माणसाला कधी कळलं याला दुसरं. दुसरं उत्तर दीडशे वर्षं मागे जातं.

*

आधी डायऱ्यांबद्दल. बाबांनी १९८६ साली सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली, त्या दिवसापासून ते गाडीची डायरी लिहितात. पेट्रोल किती लिटर, मीटरवर किती किलोमीटर, हवा कधी भरली, निघालो किती वाजता, पोचलो किती वाजता. शाईचं पेन, एका दिवसाला दोन ओळी. भावना शून्य. आमच्या आईच्या ऑपरेशनच्या दिवशी डायरीत "ठाणे–हॉस्पिटल–ठाणे, १४ कि.मी." एवढंच आहे.

मी त्या डायऱ्यांत 'थरथर' हा शब्द शोधत होते. पद्मिनीच्या तेरा वर्षांत तो एकदाही नाही. 'धपधप' आहे, अनेकदा, आणि नेहमी सकाळच्या नोंदीत: "पहिले दोन कि.मी. धपधप, नंतर ठीक." ते मला आधी कळेना. मग उलगडलं. तेव्हा टायरच्या आत नायलॉनच्या दोऱ्यांचे थर तिरपे विणलेले असत. रात्रभर गाडी उभी राहिली की गाडीच्या वजनानं टायर जमिनीला जिथं टेकलेला असे तिथं नायलॉन चपटं होऊन बसे. सकाळी ते चाक गोल नसे. दोन-चार किलोमीटर पळून टायर गरम झाला की पुन्हा गोल होई. म्हणजे त्या काळची चाकं रोज सकाळी आजारी पडत आणि कामावर जाताजाता बरी होत.

१९९१ मध्ये एक नोंद आहे: "पायाखाली घुमते. क्रॉस बदलला." मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद मागे नेणारा लांब दांडा गाडीच्या पोटाखालून जातो. त्याच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा तुकडा असतो, तोच हा क्रॉस. युरोपात हा सांधा सोळाव्या शतकातल्या कार्दानोच्या नावानं ओळखला जातो आणि इंग्रज तो सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावावर लावतात. त्याची खोड हूकच्याच काळापासून माहीत आहे: वाकवून फिरवला की तो एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. झिजला की ते पायाला कळतं. बाबांच्या पायाला कळलं होतं.

पण स्टीअरिंगची थरथर? नाहीच. कारण त्याच डायरीत सापडतं. ठाण्याहून पुण्याला निघालो ५.४०, पोचलो १०.१०. दीडशेच्या आसपास किलोमीटरना साडेचार तास. जुना हायवे, पुढे ट्रक, ट्रकपुढे ट्रक, मग घाट. साठचा वेग मिळाला तर तो लिहून ठेवण्याजोगा. चाकात दोष असेलही, पण तो दिसायला जो वेग लागतो तो त्या रस्त्यावर कुणाला मिळतच नव्हता.

मुंबई–पुणे एक्स्प्रेस-वेचे काही टप्पे २००० साली खुले झाले आणि २००२ मध्ये तो पूर्ण सुरू झाला. सहा पदरी, काँक्रीटचा, मध्ये सिग्नल नाही, बैलगाडी नाही, दुचाकी नाही. देशात असा रस्ता पहिलाच. पद्मिनी तोवर विकली गेली होती आणि घरात एक छोटी हॅचबॅक आली होती. मे २००२ मधली बाबांची नोंद अशी: "कळंबोली ते खालापूर कुठेही न थांबता. ९०. स्टीअरिंग थरथरते. रस्त्याचा दोष?"

सोळा वर्षं गाडी चालवल्यावर त्यांना हा शब्द पहिल्यांदा लागला होता. आणि प्रश्नचिन्हही.

*

नव्वदच का? चाळीसला का नाही?

हिशेब सोपा आहे. आमच्या गाडीच्या चाकाचा घेर दोन मीटरला थोडा कमी. ताशी पंच्याण्णव म्हणजे सेकंदाला साधारण साडेसव्वीस मीटर. तेव्हा चाक सेकंदाला जवळजवळ चौदा फेरे मारतं. आता गाडीचं चाक स्प्रिंग आणि टायर यांच्या मध्ये अडकलेलं असतं, आणि अशा अडकलेल्या वस्तूला स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला असते तशी. बहुतेक मोटारींत चाकाची ही लय सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांच्या दरम्यान पडते. झोपाळा त्याच्या लयीत ढकलला तर एका बोटानंही आकाशाला भिडतो. भलत्या वेळी ढकलला तर दोन्ही हातांनीही हलत नाही. चाकाच्या एका बाजूला थोडं वजन जास्त असेल, तर ते दर फेऱ्याला एक धक्का देतं. नव्वद-पंच्याण्णवला हे धक्के नेमके झोपाळ्याच्या लयीत पडतात.

थोडं वजन म्हणजे किती? समजा ३० ग्रॅम. दहा रुपयांची चार नाणी. चौदा इंची रिमच्या कडेला ही चार नाणी चिकटवली आणि गाडी शंभरनं पळवली, तर ती चाकाला साधारण साडेचार किलोच्या जोरानं बाहेर ओढतात. पन्नासनं पळवली तर फक्त एक किलोच्या आसपास, कारण वेग निम्मा झाला की ओढ पाव होते.

आणि शंभरच्या पुढे थरथर "जाते" ती झोपाळ्याची लय मागे पडते म्हणून. बाबांचा सल्ला वाहतुकीच्या नियमात बसत नव्हता, पण विज्ञानात बसत होता. गंमत म्हणजे विज्ञानालाच तो मान्य व्हायला पन्नास वर्षं लागली होती.

*

१८६९ साली ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी फिरणाऱ्या दांड्यांवर एक लेख लिहिला. रँकिन म्हणजे लहान असामी नव्हे. वाफेच्या इंजिनाचं शास्त्र ज्यांनी उभं केलं त्यांच्यातले ते एक. त्यांनी गणित मांडून सांगितलं की प्रत्येक दांड्याची वेगाची एक हद्द असते. त्या वेगाला तो धनुष्यासारखा वाकून गरगरायला लागतो आणि त्यापलीकडे तो चालवताच येणार नाही. गणितात एक बल धरायचं राहून गेलं होतं. पण रँकिन यांचं नाव मोठं असल्यामुळे इंजिनिअरांनी ही हद्द बरीच वर्षं लक्ष्मणरेषेसारखी पाळली.

ती ओलांडली एका दूधवाल्यानं. म्हणजे स्वीडनच्या गुस्ताफ दे लावालनं. दुधातून साय वेगळी काढणारं, भराभर फिरणारं यंत्र त्यानं १८७८ मध्ये केलं. त्याला फिरवायला वेगवान काहीतरी हवं, म्हणून तो वाफेच्या टर्बाइनकडे वळला. त्याचं टर्बाइन मिनिटाला तीस हजार फेऱ्यांपर्यंत जाई. एवढ्या वेगात दांडा जाड केला तरी थरथरे. १८८९ मध्ये त्यानं उलटं केलं. दांडा मुद्दाम बारीक, लवचीक ठेवला. सुरू होताना तो थडथडे, रँकिन यांची हद्द झटकन पार करी, आणि पलीकडे गेल्यावर शांतपणे फिरत राही. हद्दीच्या पलीकडे फिरणारी वस्तू आपल्या खऱ्या गुरुत्वमध्याभोवती स्वतःच सावरून घेते. हे का होतं ते जर्मनीतल्या आउगुस्ट फॉप्लनं १८९५ मध्ये मांडलं, पण इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ते खऱ्या अर्थानं पटवून दिलं १९१९ मध्ये हेन्री जेफकॉटनं. तोवर यंत्रं खुशाल हद्दीपलीकडे फिरतच होती.

मी हे सगळं बाबांना जेवताना सांगितलं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे मी बरोबर होतो."

अर्धे बरोबर. दे लावालचा दांडा हद्दीपलीकडे सावरतो, पण मोटारीच्या चाकाचं तसं नाही. ते बेअरिंगला आणि रस्त्याला बांधलेलं असतं. शंभरच्या पुढे हाताला कळणारी थरथर कमी होते, पण त्या चार नाण्यांची ओढ वाढतच राहते. फक्त ती आपल्याला सांगायची थांबते. हे वाक्य मी तेव्हा सहज बोलून गेले. ते त्यांना का लागलं, हे नंतर कळलं.

*

मोटारींना हा आजार जडला १९२० च्या दशकात, आणि तो इतका पसरला की त्याला तेव्हाच्या एका नाचाचं नाव मिळालं: शिमी. खांदे थडथडवत करायचा तो नाच. गाडी बऱ्यापैकी वेगात आली की पुढची चाकं डावी-उजवी अशी नाचायला लागत आणि स्टीअरिंग हातातून सुटेल असं वाटे.

तोवर टायर अरुंद आणि कडक असत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत 'बलून' टायर आले, जाडजूड आणि कमी हवेचे. प्रवास मऊ झाला. त्याच काळात पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले, म्हणजे चाकं जड झाली. दोन्ही सुधारणाच. आणि दोन्हींनी मिळून गाड्यांना नाचवलं. इंजिनिअर आधी टायरला दोष देत, मग स्टीअरिंगला, मग स्प्रिंगला, मग रस्त्याला. (बाबा एकटे नव्हते.) १९२५ मध्ये फ्रान्समध्ये जॉर्ज ब्रूलिए यानं शिमीवर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कुठं त्याला शास्त्राचा आधार मिळायला लागला.

मुद्दा असा. सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांत आसाला धरून कुणालातरी जोरात फिरवायला सांगा आणि मग ते डावीकडे तिरपं करून बघा. चाक तुमचं ऐकत नाही. ते तिरपं होण्याऐवजी वळायला बघतं. भोवऱ्याचा स्वभाव. आता जुन्या गाड्यांत पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड लोखंडी आसावर असत. एक चाक खड्ड्यात गेलं की आस तिरपा होई. आस तिरपा झाला की दोन्ही फिरती चाकं वळायला बघत. वळली की पुन्हा आस हले. एकानं दुसऱ्याला चिडवावं आणि दुसऱ्यानं पहिल्याला, अशी ती भांडणं.

उपाय म्हणजे दोन्ही चाकांना वेगळं बिऱ्हाड करून देणं. रोल्स-रॉइसमध्ये घडलेला इंग्रज इंजिनिअर मॉरिस ऑली १९३० मध्ये अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला, तिथं त्यानं गाड्यांच्या हेलकाव्यांवर चिकाटीनं प्रयोग केले, आणि १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची चाकं स्वतंत्र झाली. एका चाकाचा खड्डा दुसऱ्याला कळेनासा झाला. बाबांच्या पद्मिनीतही पुढची चाकं अशीच स्वतंत्र होती. जुन्या जीपमध्ये मात्र अखंड आस राहिला, म्हणून तिच्या ड्रायव्हरना शिमी चांगलीच ठाऊक होती. अमेरिकेत जीपवाले आजही तिला 'डेथ वॉबल' म्हणतात. आपल्या गाड्यांत तो नाच आता फारसा उरलेला नाही. उरली आहे ती त्याची धाकटी बहीण, चाकाच्या तोलाची थरथर.

*

तर, जानेवारीत मी छडा लावायला निघाले. गाडीला प्रश्न विचारायचे असतात, आणि ते एकेक करून विचारायचे.

स्टीअरिंग थरथरतं की सीट? स्टीअरिंग, म्हणजे बहुधा पुढची चाकं. सीट आणि पाठ असती तर मागची. ब्रेक दाबल्यावरच होतं का? नाही, म्हणजे ब्रेकची डिस्क बहुधा निर्दोष. ॲक्सिलरेटर दाबताना वाढतं का? नाही, म्हणजे चाकाला ताकद नेणारा शाफ्ट आणि त्याचे सांधे बाजूला ठेवू. त्याच वेगात एक गिअर खाली घेतला तर? इंजिन जास्त ओरडलं, पण थरथर होती तशीच. म्हणजे इंजिन सुटलं.

मग मी भावाला ड्रायव्हिंगला बसवलं आणि माझा फोन कामाला लावला. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो. स्क्रीन आडवी-उभी होते ती त्याच्यामुळेच. कंपनं मोजणारं एखादं फुकट ॲप घेतलं की सेकंदाला किती हेलकावे हे तो आलेख काढून दाखवतो. डॅशबोर्डवर घट्ट चिकटवला, पंच्याण्णवला गेलो, आणि आलेखावर एकच सुळका उभा राहिला: चौदा. चाकाच्या दर फेऱ्याला एक. इंजिन त्या वेळी सेकंदाला चाळीसहून जास्त फेरे मारत होतं, म्हणजे तो आकडा त्याचा असूच शकत नव्हता. जेफकॉटला असं काहीतरी मिळालं असतं तर, असं वाटून गेलं.

आरोपी ठरला: पुढचं कुठलंतरी चाक. आम्ही बॅलन्सिंगच्या दुकानात गेलो.

चाकाचा तोल बघायची पहिली रीत जत्रेतल्या आकाशपाळण्यासारखी आहे. पाळणा मोकळा सोडला की वजनदार गिऱ्हाईक बसलेली पेटी खाली येऊन थांबते. चाकही आसावर मोकळं ठेवलं की जड बाजू खाली येते. समोरच्या बाजूला तेवढं वजन लावायचं. पण जाड चाकाचं एवढ्यानं भागत नाही. जड जागा आतल्या कडेला आणि लावलेलं वजन बाहेरच्या कडेला असेल, तर उभं चाक तोलात दिसतं आणि फिरलं की डुगडुगतं. ते फिरवूनच पकडावं लागतं. फिरवून तोलायच्या यंत्राचं पेटंट कॅनडातल्या हेन्री मार्टिन्सननं १८७० मध्येच घेतलं होतं. ते फार कुणाला लागलं नाही, कारण तेव्हा एवढ्या वेगानं फिरणारं फारसं काही नव्हतं. टर्बाइनं आणि विजेच्या मोटारी आल्यावर मात्र निकड झाली. जर्मनीत फ्रान्झ लावाचेकच्या यंत्राचे हक्क डार्मश्टाटच्या कार्ल शेंकच्या कारखान्यानं १९०८ च्या सुमारास घेतले आणि तिथून हा एक धंदा झाला. आज हायवेच्या कडेला 'कॉम्प्युटराइज्ड बॅलन्सिंग' असा फलक दिसतो, त्याचे खापरपणजोबा ते.

दुकानातल्या मुलानं चाक यंत्रावर चढवलं, फिरवलं, पडद्यावर आकडे आले: आत ४५, बाहेर ३०. त्यानं शिशाचे तुकडे ठोकले. (युरोपनं २००५ पासून नव्या गाड्यांसाठी शिसं बंद केलं, रस्त्यावर पडलेले तुकडे चिरडून माती-पाण्यात जातात म्हणून.) पुन्हा फिरवलं. शून्य, शून्य. मुलगा खूश, मी खूश. येताना गाडी पंच्याण्णवला रेशमासारखी.

बाबा काहीच बोलले नाहीत. खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती.

*

पंधरा दिवसांनी थरथर परत आली. या वेळी ऐंशीलाच, आणि एकशे दहालाही जाईना.

दुसऱ्या दुकानात पुन्हा बॅलन्सिंग, पुन्हा शून्य-शून्य, आणखी दोन तुकडे. पैसे गेले, थरथर राहिली. शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचं गॅरेज आहे तिथं गेले. तिथले काका बाबांच्याच वयाचे. त्यांच्याकडे यंत्र नाही. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं डावं चाक हातानं फिरवलं, आणि जॅकच्या स्टँडवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याचं टोक टायरच्या नक्षीपासून केसभर लांब धरलं.

"बघा ताई."

चाक फिरत होतं. टोक आणि रबर यांच्यातली फट एका जागी चार मिलिमीटर होत होती आणि एका जागी टायर टोकाला घासून जात होता.

"तोल बरोबर आहे. चाक गोल नाही."

त्यांनी हात आत घातला आणि माझा हात धरून टायरच्या आतल्या बाजूला नेला, जी बाजू कुणाला दिसत नाही. तिथं लिंबाएवढा उंचवटा होता. "फुगा आलाय. कधीही जाईल हा."

यंत्र खोटं बोललं नव्हतं. हवेत फिरताना ते चाक खरंच तोलात होतं. वजनं लावून वाकड्या चाकाचाही तोल साधता येतो, पण गाडीचं वजन त्यावर आलं आणि तो उंचवटा रस्त्याला लागला की दर फेऱ्याला धक्का बसणारच. तोल आणि गोलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आम्ही पंधरा दिवस एकीचं औषध दुसरीला देत होतो.

मिशलॅंनं १९४६ मध्ये पेटंट घेतलेला रेडियल टायर म्हणजे दोऱ्या आडव्या, कडेपासून कडेपर्यंत, आणि नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा. त्यानं ती सकाळची धपधप संपवली, टायरचं आयुष्य वाढवलं, वेग वाढवू दिला. पण बाजूच्या दोऱ्या तुटल्या की हवा तिथून रबर बाहेर ढकलते, आणि पट्टा सुटायला लागला की टायर भर वेगात सालीसारखा सोलला जातो. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. नक्षीचा पट्टा सुटून, बहुतेक फोर्ड एक्स्प्लोरर गाड्या उलटून, तिथल्या सरकारी नोंदींनुसार दोनशेहून जास्त माणसं गेली होती. पट्टा सुटत असताना अनेकदा आधी थरथर येते. काही जण ती ऐकून थांबतात. काही जण आणखी पळवतात, कारण शंभरच्या वर गेली की जाते.

मी त्या उंचवट्यावर हात ठेवून उभी होते आणि डिसेंबरातला तो सपाट रस्ता आठवत होते. गाडीत मी, बाबा, मागे भाऊ आणि त्याची चार वर्षांची मुलगी.

"कुठं आपटली होती का?" काकांनी विचारलं.

मी नाही म्हणाले. बाबा स्टूलवर बसले होते. ते पान्ह्यांकडे बघत राहिले.

*

डायरी टेबलावरच असते, कुलपात नसते. मी २००२ पर्यंत सगळं वाचलं होतं, गेल्या वर्षीचं मात्र वाचलं नव्हतं. इतिहास जुन्या वह्यांतच असतो असं मी धरून चालले होते.

नोव्हेंबर १८: "रात्री ९. माळशेजकडून परत. खड्डा दिसला नाही. डा. पु. चाक. आवाज मोठा. उतरून पाहिले. ठीक वाटते."

नोव्हेंबर २६: "९० ला थरथर. १०५ ला जाते."

माळशेजला ते एकटेच गेले होते, जुन्या मित्राच्या दहाव्याला. आम्हाला सांगितलं होतं, बसनं जातोय.

रात्री मी डायरी त्यांच्यासमोर ठेवली. भांडायचं ठरवून गेले होते. ते चष्मा पुसत बसले.

"खड्डा दिसला नाही," ते म्हणाले. "रात्रीचा आताशा नीट दिसत नाही. सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली काढून घेतली असतीत."

"काढून घेतलीच असती."

"म्हणून नाही सांगितलं."

"पण लिहून ठेवलंत."

"लिहायचं असतं ते," ते म्हणाले, जणू या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही.

पुढचे दोन्ही टायर नवे घातले. रिम तपासून घेतली, ती सरळ निघाली. फेब्रुवारीत पुन्हा साताऱ्याला गेलो. गाडी मी चालवत होते, फोन डॅशबोर्डवर होता, आणि चौदाच्या जागी सुळका नव्हता. बाबांनी खिशातून पेन काढलं आणि चालत्या गाडीत वाकड्या अक्षरात लिहिलं: "९५. शांत." मग थोडं थांबून पुढे: "सीटखाली किंचित. मागचे टायर बघणे."

मला काही जाणवलं नव्हतं. ॲपलाही नाही. तरी परत आल्यावर मागची चाकं काकांना दाखवली. एकात रिमला चिखल वाळून चिकटलेला होता, मूठभर. काकांनी तो स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून काढला, पैसे घेतले नाहीत.

किल्ली अजून दाराजवळच्या त्याच खुंटीवर आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या मंगळवारची मिळाली आहे. बाबांनी ती डायरीत लिहिली आहे, किलोमीटरसकट.